सातारा-सांगलीच्या वाटेवरची चार माणसे

साताऱ्याहून सांगलीकडे निघालेल्या प्रवाशापुढे दोन वाटा असतात. एक महामार्गाची. अजिंक्यतारा पाठीशी टाकून उंब्रज, कऱ्हाड, कासेगाव, नेर्ले ही गावे मागे पडतात आणि पेठ आले की डावीकडे वळून इस्लामपूर, आष्टा असे करीत वाहन सांगलीत शिरते. दुसरी वाट लोहमार्गाची. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी या स्थानकांवर थांबत ती कृष्णेच्या संगतीने खाली उतरते. हळद, गूळ आणि बेदाणा यांच्या निमित्ताने व्यापारी घराण्यांची ये-जा या दोन्ही वाटांवर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कोणत्या पेठेत भाव काय फुटला, कोणत्या गावी उधारी अडकली, हे या वाटांवरचे नित्याचे विषय.

हा सगळा मुलूख एकेकाळी कागदोपत्रीही बराचसा एकच होता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके सातारा जिल्ह्यात मोडत. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये हे तालुके आणि सांगली, मिरज, जत, औंध या संस्थानांचे भाग एकत्र करून 'दक्षिण सातारा' नावाचा नवा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे येथील जुन्या माणसांच्या जन्मस्थळापुढे सातारा लिहावे की सांगली, असा घोळ अजूनही होतो. पुढे ज्यांची हकीकत येते त्या चार माणसांच्या बाबतीतही तो होतो. या चौघांना जोडणारा धागा वेगळाच आहे. चौघांनाही शरीराने कोठेतरी अडवले आणि चौघांनीही ज्या वाटेने निघाले होते ती सोडून दुसरी धरली, किंवा त्याच वाटेने वेगळ्या रीतीने चालण्यास आरंभ केला.

यांतील पहिल्याची हकीकत औंधापासून सुरू करावी लागते. रहिमतपूर स्थानकावर उतरून पूर्वेला गेले की यमाई देवीचा डोंगर दिसू लागतो. डोंगरावर देवीचे मंदिर आहे आणि तेथेच औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेले वस्तुसंग्रहालयही आहे. रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे पाषाणशिल्प एका आडगावच्या टेकडीवर पाहावयास मिळते, याचे नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्काराचा प्रसार त्यांनी हयातभर केला. या चित्रकार राजाने ज्या माणसाला आश्रय दिला, त्या माणसाची चित्रकार होण्याची इच्छा मात्र डोळ्यांनीच मोडून टाकली होती.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव भागातील गुर्लहोसूरचा. घरची वृत्ती विद्वत्तेची, वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाला मात्र चित्रे आणि यंत्रे यांचे वेड. १८८५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला, तो थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने. वडिलांची त्याला पसंती नव्हती. दोन वर्षे झाल्यावर उमगले की या विद्यार्थ्याला काही रंग ओळखताच येत नाहीत. अंशतः रंगांधळेपणा. तो जन्मजात असतो, चष्म्याने जात नाही, औषधाने बरा होत नाही. रंगांधळेपणा म्हणजे काही असाध्य रोग नव्हे, असे कोणी म्हणेल. किराणा मालाच्या दुकानात तो कोणाच्या लक्षातही आला नसता. पण व्यंगाची मोजणी त्याच्या आकारावरून करून भागत नाही. ते कोणाच्या वाट्याला आले आणि त्याने कोणते दार बंद केले, हे पाहावे लागते. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध चित्रकलेसाठी मुंबई गाठलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला 'तुला रंग दिसत नाहीत' हे ऐकावे लागणे म्हणजे सारेच संपणे होते.

संपले नाही, कारण रेषा शिल्लक होती. यांत्रिक आरेखनाला रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी ते शिकून घेतले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते त्याच विषयाचे शिक्षक झाले. पुढे नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे बंधूंसह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर असा क्रम लागला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी नांगराला हात लावीनात. पहिला माल खपण्यास फार काळ गेला. त्यातच नगरपालिकेच्या विस्ताराच्या योजनेत कारखान्याची जागा गेली. घडी बसत आलेल्या धंद्याची जागा जाणे म्हणजे काय, हे व्यापारी वाचकाला उलगडून सांगण्याचे कारण नाही.

त्या वेळी बाळासाहेबांनी त्यांना औंधास बोलावले, यमाईच्या मंदिरातील सभामंडपाचे काम दिले आणि कारखान्यासाठी संस्थानच्या हद्दीत जागा देऊ केली. कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर ओसाड जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी. कुंडल हे नाव जैन वाचकांना डोंगरातील झरी पार्श्वनाथामुळे परिचित आहे. यात्रेकरू त्या स्थानकावर फार पूर्वीपासून उतरत असतील. १९१० मध्ये त्याच स्थानकावर एक कारखानदार आपली माणसे, त्यांची कुटुंबे आणि सारे साहित्य घेऊन उतरला. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर जी वसाहत उभी राहिली तिला किर्लोस्करवाडी म्हणतात आणि पुढे स्थानकालाही तेच नाव मिळाले.

आज गाडी येथे थांबते तेव्हा फलाटावरच्या प्रवाशाला उंच झाडांची सावली, आखीव रस्ते आणि पंपांचा कारखाना दिसतो. या कारखान्याचे नांगर विकत जे तरुण एकेकाळी गावोगाव फिरले, त्यांत कुंभोजच्या जैन घरात जन्मलेले भाऊराव पाटीलही होते. नांगर विकण्याच्या निमित्ताने पायाखालून गेलेला हाच मुलूख पुढे रयत शिक्षण संस्थेचे शिवार झाला. तो वेगळ्या लेखाचा विषय. येथे एवढेच लक्षात घ्यावे की रंग न दिसणाऱ्या मुलाच्या आयुष्यात दोन माणसांनी वेळेवर हात पुढे केला. थोरल्या भावाने, चित्रकलेसारख्या बिनभरवशाच्या नादासाठी आणि पुढे धाकट्याच्या प्रत्येक नव्या उद्योगासाठी. आणि औंधच्या राजाने, जमीन आणि भांडवल देऊन. दोघांपैकी कोणीही लक्ष्मणरावांवर दया केली, असे त्यांच्या चरित्रात कोठे जाणवत नाही. त्यांनी पत दिली.

किर्लोस्करवाडीच्या पुढे भिलवडी, आणि मग सांगली. कृष्णेच्या काठचे गणपती मंदिर आणि त्याच्या अलीकडची गणपती पेठ, हळदीचा पिवळा वास असलेले बोळ. नदीच्या खालच्या अंगाला हरिपूर आहे. तेथे हळद जमिनीतील पेवांत साठवीत. आता ती पद्धत मागे पडली. सांगलीत १८९८ च्या जानेवारीत जन्मलेल्या एका मुलाचे नाव गणेश आत्माराम खांडेकर होते. पुढे दत्तक गेल्यावर तो विष्णु सखाराम झाला आणि महाराष्ट्र त्याला वि. स. खांडेकर म्हणून ओळखू लागला.

खांडेकरांच्या पुस्तकांची नावे सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यांच्या प्रकृतीची कथा थोड्यांना. डोळे लहानपणापासून अधू. तरुणपणी पुण्यातले महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले. त्या काळात आजार आणि ओढगस्त हातात हात घालून चालत होते. १९२० मध्ये ते कोकणातील शिरोड्यास शाळामास्तर म्हणून गेले आणि अठरा वर्षे तेथे राहिले. मोठ्या पगाराची नोकरी अशा माणसाला मिळाली असती का, याविषयी शंकाच आहे. पण 'उल्का', 'दोन ध्रुव', 'हिरवा चाफा' या कादंबऱ्या त्या खेडेगावातल्या मास्तराने लिहिल्या. नंतर कोल्हापूर, चित्रपटकथा, आणि १९५९ मध्ये 'ययाति'.

या कादंबरीकडे प्रकृतीच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. ययाति हा देहसुखाने कधीच न धालेला राजा. म्हातारपण आले तेव्हा त्याने मुलाचे तारुण्य मागून घेतले. ही कथा ज्याने मराठीत नव्याने उभी केली, त्याला स्वतःला देहाचे सुख फारसे मिळालेच नव्हते. निरोगी, धष्टपुष्ट लेखकाच्या हातून ययातीचा हव्यास इतक्या समजुतीने उतरला असता की नाही, कोण जाणे. टीकाकारांना खांडेकरांची भाषा अलंकारांनी जड वाटते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु 'ययाति'तील अतृप्तीची ओळख उसनी वाटत नाही.

१९६० मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक, १९६८ मध्ये पद्मभूषण, आणि मग १९७४ चे ज्ञानपीठ. ज्ञानपीठ मिळविणारे ते पहिले मराठी लेखक. हा सन्मान आला तेव्हा डोळ्यांची साथ सुटलेली होती. अखेरच्या वर्षांत खांडेकर सांगत आणि लेखनिक लिहून घेई. वरकरणी सोपी वाटणारी ही गोष्ट लेखकाच्या दृष्टीने फार अवघड असते. जो माणूस पन्नास वर्षे कागदावर खोडाखोड करीत विचार करतो, त्याला दिसत नसलेले वाक्य मनात धरून ठेवावे लागते, मागचे पान आठवून पुढचे सांगावे लागते. हिशेबाची वही डोळ्यांनी न पाहता तोंडी ताळेबंद मांडण्यासारखेच ते. खांडेकरांनी ते सत्तरी उलटल्यावर शिकून घेतले.

२ सप्टेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले ते मिरजेत. सांगलीपासून मिरज हाकेच्या अंतरावर. १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरने तेथे रुग्णालय उघडले आणि तेव्हापासून मिरज ही आजाऱ्यांची पंढरी झाली. कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रुग्ण येथे येतात. स्थानकाबाहेर औषधांची दुकाने, खाणावळी आणि खोल्या भाड्याने देणारे यांचा एक व्यापारच उभा राहिला आहे. तंतुवाद्ये घडविणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणून मिरज प्रसिद्ध आहे, पण फलाटावर उतरणाऱ्या बहुतेकांच्या हाती सतारीऐवजी क्ष-किरणाची पाकिटे असतात. त्या पाकिटांमागे कोणकोणत्या घरांतील कोणकोणत्या गोष्टी झाकल्या जातात, हेही येथे आठवते. सोयरीक मोडू नये म्हणून मुलाची फिट सांगितली जात नाही. पोलिओने पाय गेलेली मुलगी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते. ऐकू न येणारा मुलगा हिशेबात कितीही पक्का असला तरी गादीवर बसविताना धाकट्याचे नाव पुढे येते. अशी घरे सर्वच समाजांत आहेत. व्यापारी घरे त्याला अपवाद नाहीत.

सांगलीहून आष्टा, इस्लामपूर करीत महामार्गाकडे परतले की पेठ लागते. पुण्या-मुंबईहून कोल्हापूरला जाणारा प्रवासी पेठ नाक्यावर चहा घेतो आणि पुढे निघतो. या गावाने देशाला काय दिले, हे फार वर्षे नाक्यावर थांबणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

येथे १ नोव्हेंबर १९४४ रोजी मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म झाला. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. कुस्तीचा हा मुलूख. येथून तासाभराच्या वाटेवर, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, तेव्हा पेटकर सात वर्षांचे होते. मुलांनी अंगाला माती लावून घ्यायची आणि मोठ्यांनी कौतुक करायचे, असे ते दिवस. पेटकर किशोरवयातच लष्करात भरती झाले. यंत्रे आणि वाहने दुरुस्त करणाऱ्या ईएमई या विभागात ते जवान होते आणि तेथे त्यांनी मुष्टियुद्धात नाव मिळविले.

१९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर ते जबर जखमी झाले. शरीरात अनेक गोळ्या घुसल्या, त्यांतील एक मणक्यापाशी कायमची राहिली. कमरेखालचा भाग लुळा पडला. वय वर्षे वीस.

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचे पुढे काय होते, हे त्या आधीच्या पिढीत सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक जखमी शय्याव्रणांनी किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने थोड्याच काळात दगावत. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेविल येथील रुग्णालयात लुडविग गुटमन या डॉक्टरांनी ही समजूत मोडून काढली. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेले हे मज्जातंतुतज्ज्ञ रुग्णांना ठराविक वेळाने कुशीवर वळवीत, बसवीत, आणि मग खेळावयास लावीत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या सोळा जखमींची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पॅरालिंपिक तेथून जन्माला आले.

पेटकरांवर मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचार झाले. पोहणे त्यांना तेथे सांगितले गेले ते व्यायाम म्हणून. पाण्यात शरीराचा भार पाणीच उचलते. पायांनी काम सोडले तरी खांदे, दंड आणि छाती माणसाला पुढे नेऊ शकतात. मुष्टियोद्ध्याचे खांदे तर आधीपासूनच घडलेले होते. म्हणजे जे उरले होते ते थोडे नव्हते. त्याला जागा मिळाली नव्हती, ती पाण्यात मिळाली.

१९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले आणि पहिल्या फेरीतून पुढे गेले. १९७० मध्ये एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य अशी तीन पदके मिळविली. पण परदेशी जाण्यास पैसा लागतो आणि जखमी जवानाच्या खेळासाठी तो खर्च करावा, असे तेव्हा थोड्यांनाच वाटे. ज्यांना वाटले त्यांत क्रिकेटपटू विजय मर्चंट होते. मुंबईच्या ठाकरसी या गिरणीमालक घराण्यातले हे गृहस्थ. शाळेत शिक्षिकेने नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला, त्या उत्तराच्या घोटाळ्यात 'मर्चंट' हेच आडनाव चिकटले, अशी गोष्ट सांगितली जाते. क्रिकेट सोडल्यावर त्यांनी अपंगांच्या पुनर्वसनाला वाहून घेतले होते. पेटकरांच्या प्रवासाचा भार त्यांच्या संस्थेने उचलला. गिरणीमालकाच्या तिजोरीतला तो खर्च फार मोठा नसेल. वेळेवर झाला, म्हणून मोठा झाला.

१९७२ चे ऑलिंपिक म्युनिकला होते. पॅरालिंपिकही तेथेच व्हावयाचे, पण क्रीडाग्रामातील घरे ऑलिंपिकनंतर लगेच खासगी मालकांकडे जाणार होती, म्हणून चाकाच्या खुर्च्यांची ही स्पर्धा हायडेलबर्ग येथे हलविण्यात आली आणि ऑगस्टच्या आरंभी, मुख्य ऑलिंपिकच्या आधी, उरकण्यात आली. तेथे पन्नास मीटर मुक्तशैलीत पेटकरांनी ३७.३३ सेकंदांत अंतर कापले. सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम. भालाफेक आणि स्लॅलम या प्रकारांतही ते अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. भारताच्या कोणाही खेळाडूने ऑलिंपिक वा पॅरालिंपिकमध्ये मिळविलेले हे पहिले वैयक्तिक सुवर्ण. नेमबाज अभिनव बिंद्राचे सुवर्ण त्यानंतर छत्तीस वर्षांनी आले.

देशाचे लक्ष मात्र तेव्हा म्युनिककडे होते. पेटकर परत आले, पुण्यात टेल्कोत नोकरीला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेथे राहिले. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ च्या जूनमध्ये त्यांच्या जीवनावरचा 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला, तेव्हा कोठे पेठ नाक्यावरच्या चहाच्या टपरीत त्यांचे नाव निघू लागले असेल. विक्रमाची आठवण राहण्यास चित्रपटाची वाट पाहावी लागावी, हे काही भूषणावह नाही. त्या बावन्न वर्षांत 'अपंग' हा शब्द मागे पडून 'दिव्यांग' हा शब्द आला, २०१६ मध्ये नवा कायदाही झाला. शब्द देखणा आहे. परंतु जुन्या पेठांतील दुकानांच्या दारातल्या तीन-तीन उंच पायऱ्या तशाच आहेत. चाकाच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने माल रस्त्यावरूनच मागावयाचा.

चौथे गाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. पेठेभोवतीचा ऊस, विटेपलीकडे विरळ होत जातो. माण नदीच्या खोऱ्यातला हा कोरडा पट्टा, खिलार बैलांचा आणि मेंढ्यांचा. आटपाडी हाही एकेकाळी औंध संस्थानचाच तुकडा. पावसाने दगा दिला की येथला माणूस बाहेर पडतो. सोने-चांदी गाळण्याचा गलाईचा धंदा करणारी खानापूर-आटपाडीची कुटुंबे भारतभराच्या सराफ कट्ट्यांवर पसरलेली आहेत आणि सराफीतल्या जैन घरांना ती चांगली ठाऊक आहेत. अलीकडे टेंभू योजनेने कऱ्हाडजवळ उचललेले कृष्णेचे पाणी या भागात आले, आणि डाळिंबाच्या बागांना आधार झाला.

आटपाडी तालुक्यातील करगणी हे सचिन सर्जेराव खिलारी यांचे गाव. जन्म १९८९ चा, घर शेतकऱ्याचे. शाळकरी वयात सायकलवरून पडून डावा हात मोडला. जखमेत गँगरीन झाले आणि कोपराकडचे स्नायू गमवावे लागले. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, हात पूर्ववत झाला नाही. मुलगा शिकला, यांत्रिक अभियंता झाला. खेळात तो प्रथम भाला फेकीत असे. खांदा दुखावल्यावर गोळाफेकीकडे वळला. मार्ग बंद झाला की शेजारचा धरावयाचा, ही रीत येथेही दिसते.

गोळा एकाच हाताने फेकतात, मग दुसरा अधू असला तर बिघडले कोठे, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात फेकणारा हात हा शेवटचा दुवा. बळ पायांतून उठते, कमरेतून वळते, आणि ते वळण साधताना मोकळा हात तोल धरतो, झेपेला दिशा देतो आणि ऐन क्षणी शरीराजवळ घट्ट ओढला जाऊन सारा वेग दुसऱ्या बाजूला सोपवितो. तो हात नीट काम देत नसेल तर अवघी क्रिया नव्याने बसवावी लागते. एफ-४६ या गटात पुरुषांचा गोळा सहा किलोंचा असतो. खिलारींनी २०२३ मध्ये पॅरिसला आणि २०२४ मध्ये कोबे येथे जागतिक स्पर्धेची सुवर्णपदके मिळविली. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये दुसऱ्याच प्रयत्नात त्यांचा गोळा १६.३२ मीटरवर पडला. तो आशियाई विक्रम ठरला. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचा गोळा १६.३८ मीटरवर पडला होता. सहा सेंटिमीटरचा फरक, आणि रौप्यपदक. पॅरालिंपिकच्या गोळाफेकीत भारतीय पुरुषाला पदक मिळाले ते १९८४ नंतर प्रथमच. खेळ सांभाळून खिलारी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवीतही आले आहेत.

१७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात क्रीडा पुरस्कार देण्यात आले. अर्जुन पुरस्काराच्या यादीत सचिन खिलारी यांचे नाव होते. त्याच यादीच्या अखेरीस, आजीवन कामगिरीच्या सदराखाली, मुरलीकांत पेटकर हे नाव होते. एकाचे वय पस्तीस, पदक चार महिन्यांपूर्वीचे. दुसऱ्याचे वय ऐंशी, पदक १९७२ चे. पेठ आणि करगणी यांच्यात रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे.